विहिरीकडचा रायवळ

स्मरणिकेसाठी तुमच्या संशोधनाबद्दल लिहून द्या असा शाळेतून फोन आला तेव्हा मी लगेच हो म्हटलं आणि मग आठवडाभर एक ओळ लिहायला जमेना, कारण तीस-पस्तीस वर्षांचं काम सांगायचं तर सुरुवात मुंबईपासून करायची की आणखी कुठून हेच ठरेना. शेवटी लक्षात आलं की सुरुवात आपल्या शाळेच्या विहिरीकडेच झालीये, तर तिथूनच सांगते.

१९८२ सालचा जून. मी आठवीत. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात रोज एकेकाने सुविचार लिहायचा अशी पद्धत होती (अजून आहे म्हणे, ऐकून बरं वाटलं) आणि त्या दिवशी कुणीतरी लिहिलं होतं, 'पेरावे तसे उगवते'. विज्ञानाचा तास होता. सरांनी हजेरी घेतली आणि मी हात वर करून म्हटलं, सर, हे खोटं आहे.

माझे आजोबा कलमं बांधायचे. पावसाळा लागला की आमच्या मागच्या पडवीत रायवळ, म्हणजे बिनकलमी, आंब्यांच्या बाठ्यांचे (कोयींचे) वाफे असायचे, पंधरा-वीस दिवसांत तांबूस, लुसलुशीत पानांची रोपं वर यायची, मग आजोबा त्याचा शेंडा छाटून मधोमध चीर द्यायचे, हापूसची काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवायचे आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायचे. पट्टी कापून हातात द्यायचं काम माझं. एकदा मी विचारलं होतं की एवढा खटाटोप कशाला, सरळ हापूसचा बाठाच पेरू की. तर म्हणाले, "चेडवा, हापूसचो बाठो पेरल्यार हापूस येणा नाय, रायवळ येता." बस, एवढंच. त्यांच्यासाठी तो प्रश्नच नव्हता, पाणी वरून खाली वाहतं तसंच ते.

तर मी सरांना हे सांगितलं. वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, असं का होत असेल? मी गप्प. मग त्यांनी सगळ्या वर्गाला विचारलं, सगळे गप्प. आणि मग सर जे बोलले ते मी पुढे कितीतरी शिक्षक प्रशिक्षणांत सांगितलंय, म्हणाले, "मेंडेलचा वाटाणा मला माहितीय, पण आंब्याचं मला पण नीट माहीत नाही. आजोबांकडून एक बाठा घेऊन ये, लावूया."

सरांचं नाव इथे लिहीत नाही कारण त्यांनीच तसं बजावलंय. त्या काळात शाळेत असलेल्या सगळ्यांना कळेलच.

आजोबांनी आमच्या दारातल्या जुन्या कलमाचा बाठा दिला, खात्रीचा हापूस. विहिरीपासून दहा-बारा पावलांवर खड्डा काढला, भोवती करवंदीच्या काट्या लावल्या, पावसाळा संपल्यावर पाणी घालायच्या पाळ्या लागल्या. मी दहावी होऊन बाहेर पडले तेव्हा ते झाड माझ्या खांद्याला लागत होतं आणि आंब्याचा अर्थातच पत्ता नव्हता.

मधल्या काळात सरांनी आम्हाला वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नेलं, सायकली घेऊन, डबे बांधून. तिथे नीलम आणि हापूस यांच्या संकरातून केलेली 'रत्ना' नुकती म्हणजे १९८१ मध्ये आली होती. आतमध्ये साका (गर पांढरट, स्पंजासारखा होऊन खराब होणं) होत नाही म्हणून तिचं कौतुक चाललेलं, आणि हापूसच्या साक्याने किती नुकसान होतं ते आपल्याकडच्या पोरांना वेगळं सांगायला लागत नाही. तिथे एका काकांनी मोहोरावर संकर कसा करतात ते दाखवलं, चिमट्याने फुलातला पुंकेसर काढून टाकायचा, दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा, वर पिशवी बांधायची, आणि अशी शेकडो फुलं केली तर त्यातून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी फळं टिकतात. मी विचारलं, आमच्या शाळेतल्या झाडाला असा पराग कुणी लावला? ते म्हणाले, माश्यांनी. मोहोरावर ज्या माश्या घोंघावतात ना, त्यांनी.

म्हणजे उत्तर तेवढंच होतं. कलम म्हणजे त्याच झाडाची फांदी, गावोगावची सगळी हापूसची कलमं ही एका अर्थी एकच झाड, पोर्तुगीजांच्या काळापासून तुकड्या तुकड्याने वाढत आलेलं. पण बाठ्याला आईसोबत बाप असतो, आणि बाप कोण ते माशीने ठरवलेलं असतं. शिवाय हापूस स्वतःच मिश्र, त्यामुळे आईकडून येणारं निम्मं देणंसुद्धा प्रत्येक बाठ्यात वेगळं. (आंब्याच्या काही जाती अशा आहेत की एका बाठ्यातून तीन-चार रोपं येतात आणि त्यातली बहुतेक हुबेहूब आईसारखी असतात, पण हापूस त्यातला नाही. दक्षिणेकडे अशा बऱ्याच जाती आहेत.) हे सगळं मला त्या दिवशी कळलं असं नाही हां, पण परतीच्या वाटेवर सायकल मारताना डोक्यात तेच होतं.

मग सावंतवाडीला बीएस्सी, मग मुंबई. रातराणी एसटीने जायचं, घाटातली वळणं, सकाळी उतरलं की डोकं गरगरत असायचं, कोकण रेल्वे यायला अजून बरीच वर्षं होती. १९९१ च्या मेमध्ये मी मुंबईत एमएस्सीला असताना सरांचं पोस्टकार्ड आलं. "झाडाला यंदा अकरा आंबे लागले. साल जाड, रेषा भरपूर, रंग केशरी, वास चांगला, गोडी बेताची, आंबटपणा पुष्कळ. हापूस नव्हे. आजोबांना सांग." आजोबा आदल्या वर्षीच गेले होते. सरांना ते माहीत नव्हतं. ते कार्ड अजून माझ्याकडे आहे.

पीएचडीला मी ज्या लॅबमध्ये गेले तिथे चिलटांवर काम चालायचं. चिलटं म्हणजे आपल्याकडे पिकलेल्या फणसावर, काजूच्या बोंडूंच्या ढिगावर घोंघावतात ना तीच. ड्रोसोफिला. १९१० मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ मॉर्गन यांना न्यूयॉर्कला लाल डोळ्यांच्या माश्यांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला आणि तिथून जनुकं गुणसूत्रांवर असतात हे पक्कं होत गेलं. चिलटाचं एक बरं असतं, पंचवीस अंशाला दहा दिवसांत अंड्यापासून माशी तयार होते, आंब्यासारखं नऊ वर्षं थांबायला नको. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगार शिजवून बाटल्यांत ओतायचं, ते त्यांचं जेवण. पहिल्या वर्षी मी फक्त जेवणच शिजवलं असं म्हटलं तरी चालेल, आणि तो वास मला परका वाटायचा नाही, बोंडूच्या हंगामात आमच्या वाडीला तसाच वास असतो.

माझ्या माश्यांचं नाव 'शिबिरे'. जपानी शब्द आहे, अर्थ बधिरपणा. १९७० च्या सुमाराला असे म्युटंट, म्हणजे जनुकात बदल झालेल्या माश्या, शोधून काढले गेले की जे थंडाव्याला अगदी नीट उडतात, चालतात, पण एकोणतीस-तीस अंशाच्या वर गेलं की एक-दोन मिनिटांत पाय आखडून पडतात, आणि थंड केलं की परत उठतात. आपल्याकडेही मुंबईच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ साली रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला आणि पुढे अशाच उष्णतेने लुळ्या पडणाऱ्या माश्यांवर अमेरिकन शास्त्रज्ञ सेमूर बेंझर यांच्याबरोबर काम केलं, १९७६ चा त्यांचा पेपर आम्ही सगळ्यांनी वाचून वाचून फाडला होता. शिबिरेचं जनुक नक्की काय करतं ते १९९१ मध्ये कळलं. मी मुलांना सांगते तसं सांगते. नस जिथे संपते तिथे रसायनाने भरलेल्या बारीक पिशव्या असतात, निरोप आला की त्या बाहेर रिकाम्या होतात, आणि मग रिकामी पिशवी आत ओढून, तोंड आवळून, तोडून परत भरायची असते. ते तोंड आवळून तोडायचं काम ज्या प्रथिनाचं, त्यातलं एक अमिनो आम्ल या माश्यांत बदललेलं आहे. उष्णता वाढली की ते प्रथिन थांबतं. म्हणजे विहिरीवरून भरलेल्या कळशा घरी जातात पण रिकाम्या कळशा परत विहिरीवर येतच नाहीत, थोड्या वेळाने सगळं ठप्प. एका अक्षराच्या फरकाने अख्खी माशी आडवी. मला हे पहिल्यांदा कळलं त्या रात्री झोप लागली नव्हती.

माझं काम होतं की दुसरी कोणती जनुकं बदलली तर या माश्या लवकर किंवा उशिरा पडतात ते शोधायचं. त्यासाठी संकर करायचे आणि पिल्लं मोजायची. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायची आहे. संकराला माशी घ्यायची ती कोशातून बाहेर आल्यापासून आठ तासांच्या आतली, कारण एकदा नराशी मिलन झालं की मादी त्याचं बीज बरेच दिवस साठवून ठेवते आणि मग आपण कोणताही नर दिला तरी पिल्लांत आधीच्याचा हिस्सा येतो. दुसऱ्या वर्षी माझे आकडे जुळेनात. जुळले नाहीत की मी म्हणायचे ही बाटली खराब, हिच्यात बुरशी आली होती, आणि तो आकडा खोडायचे. पाच महिने असं चाललं. एक दिवस गाईड म्हणाल्या वही दाखव, आणि त्यांनी फक्त खोडलेले आकडे एका कागदावर उतरवून काढले. ते खोडलेले आकडे आपापसात व्यवस्थित जुळत होते. मी सकाळी उशिरा लॅबमध्ये येत होते, माद्या आठ तासांपेक्षा जुन्या झालेल्या असायच्या, आणि माश्या मला तेच पाच महिने सांगत होत्या. गाईड रागावल्या नाहीत. पण मला इतकी शरम वाटली की त्यानंतर आजतागायत मी वहीत रबर वापरलेलं नाही.

पीएचडी झाली, तीन वर्षं परदेशात राहिले, परत आले, स्वतःची लॅब झाली, पेपर झाले, त्याबद्दल इथे लिहिण्यासारखं फार नाही.

शिक्षणाकडे कशी वळले ते मात्र सांगते, कारण लोक अजून विचारतात की एवढं चांगलं चाललेलं संशोधन सोडून हे कशाला. सोडलं नाही आधी एक, दोन्ही बरोबर चालू आहे. आणि या वाटेने जाणारी मी काही पहिली नाही. टीआयएफआरमधलेच अनिल सद्गोपाल रेणवीय जीवशास्त्र सोडून मध्य प्रदेशात खेड्यात जाऊन राहिले आणि तिथे १९७२ मध्ये सहावी ते आठवीच्या सोळा शाळांत होशंगाबाद विज्ञान सुरू झालं, मुलांनी प्रयोग करायचे, परीक्षेला पुस्तक आणि वही उघडी ठेवून बसायचं. तीस वर्षं चाललं, पुढे हजारेक शाळांपर्यंत गेलं, २००२ मध्ये सरकारने बंद केलं. का बंद केलं यावर मी बोलायला लागले तर स्मरणिका पुरणार नाही. आणि मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, १९७४ पासूनचं, तिथे मी पहिल्यांदा गेले तेव्हा कळलं की मुलांच्या डोक्यात आधीपासून काय असतं हासुद्धा नीट संशोधनाचा विषय आहे, तिथेही नोंदी ठेवाव्या लागतात, तिथेही आकडे खोडायचा मोह होतो.

उदाहरण सांगते. मी नववीच्या मुलांना विचारायचे की आईबापाने आयुष्यभर कमावलेली गोष्ट मुलात जन्मतः येते का. बहुतेक जण हो म्हणायचे, पैलवानाचा मुलगा पैलवान, खाण तशी माती. मग मी विचारायचे, तुमच्या आईचे कान टोचलेले आहेत? आजीचे? पणजीचे? मग तू जन्मलीस तेव्हा तुझे टोचलेले होते? वर्गात जी शांतता पसरते ना त्यानंतर, त्यासाठी मी कितीही लांब एसटीने जायला तयार असते.

दुसरं, चिंचोक्यांचं. मेंडेलने ७३२४ वाटाणे मोजले, ५४७४ गोल, १८५० सुरकुतलेले, तीनास एकच्या जवळ. मुलांना तीनास एक पाठ असतं, पण कुठून येतं ते कळत नाही. म्हणून मी चिंचोके फोडून दोन-दोन फोडी दिल्या, सारीपाटाला वापरतो तशा, एक बाजू तपकिरी एक पांढरी. एक फोड आईकडून एक बापाकडून, दोन्ही पांढऱ्या पडल्या तरच सुरकुतलेला, नाहीतर गोल. चाळीस वेळा टाका आणि लिहा. सगळ्या गटांचं उत्तर आलं, दहा सुरकुतलेले, तीस गोल. अगदी बरोबर. एका मुलीने मात्र चार लिहिले होते. शेजारचा मुलगा तिला म्हणत होता, खोड, दहा कर. ती म्हणाली, "पण माझे चारच इले." आणि वहीवर हात ठेवून बसली.

मी तिच्या बाजूला जमिनीवर बसले आणि आम्ही दोघींनी परत टाकले. परत चार. परत टाकले, तीन. मग तिनेच एक फोड उचलून उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली, बाई, ही पांढऱ्या बाजूने चपटी आहे आणि पाठीने फुगीर, त्यामुळे चपटी बाजू खाली टेकते, पांढरी वर येणारच कमी. बरोबर होतं. चूक माझी होती, फोड हे काही नाणं नव्हे, आणि वर्गातल्या बाकी सगळ्यांनी पुस्तकाला बरं वाटावं म्हणून आकडे बदलले होते. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना तसं करायला. आठ-नऊ वर्षं शाळेत राहून ते आपोआप शिकले होते. मला माझी ती खोडलेली वही आठवली, आणि विज्ञान शिक्षणावरचं माझं पहिलं खरं काम त्या दिवसापासून सुरू झालं, मुलं आकडे का बदलतात यावर.

२०११ च्या जानेवारीत मी शिबिरेच्या माश्या घेऊन आपल्या शाळेत आले होते, तेव्हाच्या आठवीला आठवत असेल. संस्थेची परवानगी, बर्फाचा डबा, रात्रभर रेल्वेत मांडीवर. सकाळी गारवा होता. प्रत्येक गटाला एक काचेची नळी दिली आणि म्हटलं मुठीत गच्च धरा. दोन मिनिटांत माश्या टपाटप खाली. एक मुलगी रडकुंडीला आली, "मेली काय गो?" मी म्हटलं ओसरीवरच्या माठाला नळी टेकवून धर. ती धावत गेली, सगळी तिच्यामागे, आणि माठाच्या ओल्या अंगाला नळी टेकवून सगळे श्वास रोखून बघत होते, आधी एक पाय हलला, मग दुसरा, मग एक माशी उठून चालायला लागली आणि पोरांनी जो ओरडा केला तो ऑफिसातून मुख्याध्यापक बघायला आले. मग मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, हातातल्या घामाने पण पडल्या असतील, साध्या चिलटांना धरून बघितलं पाहिजे. मी हे सांगायचं राखून ठेवलं होतं, त्याने आधीच विचारलं. मधल्या सुट्टीत डब्यातल्या केळ्याच्या सालीवर चिलटं पकडली, मुठीत धरली, ती पडली नाहीत.

माशीवरून आठवलं. २०१४ च्या मेपासून युरोपने आपला आंबा बंद केला, फळमाशी सापडली म्हणून, तेव्हा गावातले बागायतदार माझ्याकडे आले की तुम्ही फळमाशीवर काम करता ना, मग उपाय सांगा. ड्रोसोफिलाला मराठीत आपण फळमाशीच म्हणतो, पण आंब्यातली ती वेगळी. ती चांगल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते, चिलट सडलेल्यावर बसतं. मी तसं सांगितलं, रक्षक सापळ्यात मिथिल युजेनॉल कसं नराला ओढून घेतं ते सांगितलं, पण त्यांचे चेहरे बघून वाटलं की एवढी वर्षं माश्यांवर काम करून माझ्या माणसांच्या माशीबद्दल मी चार वाक्यांपलीकडे बोलू शकत नाही. पुढच्याच वर्षी बंदी उठली, पण ते मनात राहिलं, आणि विहिरीकडच्या झाडाकडे मी परत वळले ती त्यामुळेच.

२०२० मध्ये चिनी संशोधकांनी हापूसचा अख्खा जीनोम, म्हणजे सगळ्या डीएनएचा मजकूर, प्रसिद्ध केला, वीस जोड्या गुणसूत्रांचा. मग मी सरांना म्हटलं, आपल्या झाडाचा बाप शोधूया. डीएनएमध्ये काही जागा अशा असतात की तिथे तीच दोन-तीन अक्षरं परत परत येतात, किती वेळा ते झाडागणिक वेगळं. समजा आईकडे एका जागी बारा आणि पंधरा वेळा आहे आणि लेकाकडे पंधरा आणि अठरा, तर पंधरा आईकडून आले, म्हणजे अठरा बापाकडचे. मग अठरावालं झाड शोधायचं. अशा दहा-बारा जागा जुळल्या की बाप पक्का. मुलांनी कागदाच्या पट्ट्यांवर हे आधी वर्गात केलं, नंतर खरी पानं गोळा केली, तुकतुकीत कोवळी पानं, पाकिटावर झाडाचा नंबर, घरवाल्यांचं नाव, तारीख. आमच्या दारातलं जुनं कलम अजून उभं आहे, आई तीच हे पहिल्या फेरीतच जुळलं. सर आता ऐंशीच्या पुढे आहेत, त्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, ते तुझ्या आजोबांनी सांगितलंच होतं, पुढचं बोल.

पुढचं असं की बाप अजून सापडलेला नाही. पायरी आंब्याची झाडं सगळी बघून झाली, आमच्या वाडीतले मोठे रायवळ झाले. काही झाडं त्या वेळची आता नाहीत, रस्त्यात गेली. पण विहिरीकडच्या झाडाचा तो केशरी रंग आणि वास बघून मुलांचा संशय देवळामागच्या मानकुराद जातीच्या आंब्यावर आहे, ते १९८२ मध्ये नक्की होतं आणि आमच्या दारापासून हाकेच्या अंतरावर आहे, माशीला काहीच लांब नाही. मालक पान तोडू देत नाहीत, झाडावर काही करणी होईल म्हणतात. मुलांनी दोनदा विचारलं, दोनदा नाही म्हणाले. मी शिमग्याला येतेय. मालकांच्या आईच्या कानावर घालून बघते, त्या माझ्या आजीच्या मैत्रीण होत्या.